वाचकांचे प्रश्न : प्रागचा चार्ल्स पूल

प्रश्न : डिसेंबरमध्ये आई-बाबांसोबत प्रागला जात आहोत. चार्ल्स पुलावरच्या एका मूर्तीला हात लावला की इच्छा पूर्ण होते म्हणे. ती नेमकी कोणती? गर्दी फार असते का? बाबांचे गुडघे दुखतात. – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पुलाला तिकीट नाही, वाहनं १९६५ पासून बंद आहेत आणि रात्रीबेरात्रीही जाता येतं. सकाळी दहानंतर मात्र संध्याकाळच्या ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलासारखी दाटी होते, खिसेकापूही असतात. डिसेंबरात तिथे आठच्या सुमारास उजाडतं, म्हणजे फार लवकर न उठताही मोकळा पूल मिळतो. मेट्रोच्या हिरव्या ए मार्गावर स्टारोमेस्त्स्का स्टेशनला उतरून थोडं चालायचं. पूल ५१६ मीटर लांब, दगडी फरसबंदीचा. थंडीत दगड निसरडे होतात, तेव्हा बाबांना रबरी तळाचे बूट हवेत. जुन्या शहराकडच्या बुरुजाला तिकीटही आहे आणि १३८ पायऱ्याही. त्यांनी तो सोडावा. पैसे कोरुनात लागतात, पण ते रस्त्यावरच्या माणसाकडून बदलू नका.

मूर्ती संत नेपोमुकची. जुन्या शहराकडून किल्ल्याच्या दिशेने निघालात की उजवीकडची आठवी. ब्राँझची, १६८३ ची, पुलावरच्या ३० मूर्तींत सर्वांत जुनी. हात लावायचा तो चौथऱ्यावरच्या कोरीव धातूच्या पट्ट्यांना. लाखो हातांनी त्या ठिकाणी सोन्यासारख्या चकाकतात, त्यामुळे शोधावं लागत नाही. नेपोमुक हा धर्मगुरू. राणीने चर्चमधल्या गुप्त पापकबुलीत काय सांगितलं ते राजाला सांगायला त्याने नकार दिला, म्हणून १३९३ मध्ये त्याला नदीत फेकलं, अशी आख्यायिका आहे. फेकणं खरं. कारण मात्र बहुधा राजा चौथा वेन्सेस्लास आणि आर्चबिशप यांच्यातलं एका मठावरून झालेलं भांडण. त्याला जिथून फेकलं असं मानतात, तिथे कठड्यावर पाच तारे असलेला छोटा क्रूस आहे. तोही पाहा; तिथे रांग कमी असते.

प्रश्न : पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती आणि पायाभरणी पाच वाजून एकतीस मिनिटांनी झाली, हे खरं का? – एक वाचक, वाशी

उत्तर : राजा चौथ्या चार्ल्सने पाया घातला तो १३५७ साली. आधीचा ज्युडिथ पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला होता. वर्ष, ९ तारीख, सातवा महिना आणि ५:३१ ही वेळ ओळीने मांडली की १-३-५-७-९-७-५-३-१ असा दोन्हीकडून सारखा वाचता येणारा आकडा होतो. सुंदर आहे, पण त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटाच नव्हता. ही मिनिटं मागाहून बसवलेली दिसतात.

अंड्यांचं मात्र अगदीच हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडेही चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. अशा पदार्थांनी चुन्याचं घट्ट होणं आणि कामाला येणारी लवचीकता बदलते. प्रागच्या चुन्यात खरंच अंडी होती का, यावर तपासण्यांचं एकमत नाही. गावोगावी अंडी मागवली तेव्हा वेल्वारी गावच्या लोकांनी ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, हा किस्सा तिथले गाईड हमखास सांगतात. पूल एवढ्यानेही अभेद्य झाला नाही : १८९० च्या पुरात तीन कमानी कोसळल्या.