जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पावसाचं पाणी नेमकं कुठून शिरतं, हे कसं शोधायचं?

ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढची मॅट प्रत्येक पावसानंतर भिजते, आणि पुढच्या काचेच्या कडेनं सिलिकॉन भरूनही काही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी पहिली विनंती: सिलिकॉनची नळी आता बाजूला ठेवा. मी जुन्या गाड्यांची अशी कामं करतो. गळती सापडण्याआधी भरलेलं सीलंट काढण्यातच निम्मा वेळ जातो. ते साफ निघत नाही, त्यावर नंतर रंग धरत नाही आणि काच चिकटवायचं युरेथेनही बसत नाही. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लागलं तर आतून गंज चढवतं.

आधी ते पाणी पावसाचंच आहे ना, एवढी खात्री करा. हिटरच्या कॉइलमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळत असेल तर ओल चिकट लागते, रंगीत असते, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरते. एसीच्या पाण्याची निचरा नळी तुंबली असेल तर पाणी स्वच्छच असतं, पण ते कोरड्या दिवशी एसी चालवल्यावरही येतं. या दोन्ही गोष्टी डॅशबोर्डच्या खाली असल्यामुळे पुष्कळदा पावसाच्या गळतीशी त्यांची गल्लत होते.

मग सीट काढा, मॅट आणि कार्पेट उचला. कार्पेटखालचा फोम किंवा तागाचा थर पाणी कित्येक दिवस धरून ठेवतो. वरून कोरडं वाटलं तरी तो दाबला की पाणी निघतं. तो थर बाहेर उन्हात टाका आणि केबिनचा पत्रा उघडा होईपर्यंत सगळं मोकळं करा. डॅशखालची आणि बाजूची प्लॅस्टिकची पॅनेलंही काढा. हे कंटाळवाणं आहे, पण पत्रा उघडा आणि कोरडा असल्याशिवाय पाण्याचा माग लागत नाही. पाणी छपराच्या सांध्यातून शिरून खांबाच्या आतून उतरतं आणि थेट पायापाशी प्रकट होतं. मागच्या भिंतीतून आलेलं पाणीसुद्धा, गाडी उतारावर तोंड खाली करून उभी असेल, तर केबिनच्या तळाच्या पन्हाळीतून पुढे येऊन साचतं. म्हणून गाडी नेहमी कशी उभी असते, हे एकदा बघून ठेवा.

अजून एक गोष्ट आठवून बघा: गाडी उभी असताना पाणी येतं की पावसात चालवल्यावरच? चालवल्यावरच येत असेल तर संशय खालून घ्या. चाकांनी उडवलेलं पाणी फ्लोअरच्या निखळलेल्या रबरी बुचांतून किंवा वायरिंग जिथून आत येतं त्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी कडीतून) शिरतं. उभ्या गाडीत येत असेल तर वरून.

आता चाचणी. एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाण्याची नळी घेऊन. पाणी मंद सोडायचं, नुसतं वाहू द्यायचं. प्रेशर वॉशर मारलात तर चांगल्या रबराच्या आडूनही पाणी शिरेल आणि नसलेली गळती सापडेल. सुरुवात खालून करा आणि वर सरकत जा: आधी बॉनेट आणि काचेच्या मधली वायपरखालची जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग दरवाजा, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा, कारण पाण्याला वाट काढायला वेळ लागतो. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळ्याच जागा भिजवतात आणि काहीच कळत नाही. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर शिंपडली तर ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. शंका राहिलीच तर एकेक जागा बाहेरून मास्किंग टेपनं झाकून पुन्हा पाणी सोडा.

एकटे असाल तर उलट चाचणी करा. सगळ्या काचा बंद, ब्लोअर (हिटर-एसीचा पंखा) बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण जोरात, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी. हवा जिथून सुटते तिथे बुडबुडे येतात. मात्र मागच्या भिंतीत किंवा दाराच्या चौकटीत हवा बाहेर सोडायच्या झडपा असतात, त्या आधी टेपनं बंद करा.

तुमच्या लक्षणांवरून मी पहिल्यांदा वायपरखालची जाळी काढून बघेन. तिथल्या खोलगट भागात पानं आणि माती साचली की निचऱ्याची भोकं बुजतात, पाण्याची पातळी चढते आणि ब्लोअरसाठी हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी सरळ आत सांडतं, बहुतेक वेळा शेजारच्या सीटपुढेच. साफ केल्यावर त्यात पाणी ओता आणि ते खालून बाहेर पडताना दिसलंच पाहिजे. जुन्या गाडीत त्या ओल्या मातीखाली पत्रा सडलेला असू शकतो. बोट घालून चाचपा.

दुसरा संशय दरवाज्यावर, आणि तोही रबरावर नाही. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून दरवाज्याच्या पोकळीत पाणी जाणं हे गृहीतच असतं. ते आतल्या आत खाली उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशी रचना आहे. आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा कागद ब्युटिलच्या चिकट दोरीनं लावलेला असतो आणि तो हे पाणी केबिनपासून अडवतो. स्पीकर बदलताना किंवा काचेचं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडतो, किंवा लोंबकळता सोडून वर पॅनेल बसवून टाकतो. त्यानंतर पाणी उंबऱ्यावरून कार्पेटखाली उतरतं आणि दोष मात्र दरवाज्याच्या रबराला दिला जातो. पॅनेल काढा, जाड प्लॅस्टिक कापून नव्या ब्युटिल पट्टीनं चिकटवा, त्याची खालची कड दरवाज्याच्या आत वळलेली राहील असं बघा, आणि तळाची भोकं तारेनं मोकळी करा. खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या मते जुन्या पिकअपमधली ही सगळ्यात दुर्लक्षित दुरुस्ती आहे.

दरवाज्याचं रबर तपासायचं असेल तर कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. रबर दबून चपटं झालं असेल तर बदला. मऊ असेल तर चौकटीवरचा लॉकचा खिळा किंचित आत सरकवला की बऱ्याचदा भागतं.

मागची भिंत ओली निघाली तर केबिनच्या माथ्यावरचा ब्रेक लाइट बघा. त्याचं फोमचं गॅस्केट उन्हानं भुगा होतं. नवं गॅस्केट किंवा ब्युटिल पट्टी लावा, पण स्क्रू हलक्या हातानं आवळा, नाहीतर प्लॅस्टिक तडकून नवी गळती होईल. मागची सरकती काच, छपरावरचे दिवे आणि अँटेनाचं बूड यांचंही असंच. छपराच्या पन्हाळीतल्या सांध्याचं सीलर तडकलं असेल तर ते खरवडून, गंज काढून, प्रायमर मारून पॉलियुरेथेनचं सीम सीलर भरा. तडकलेल्या थरावर नवा थर टिकत नाही.

आणि गळती पुढच्या काचेचीच निघाली तर? रबरात बसवलेल्या काचेला दोन वाटा असतात, काच आणि रबर यांच्या मधली आणि रबर आणि पत्रा यांच्या मधली. रबर मऊ असेल तर त्याची कड प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचलून दोन्हीकडे न कडकणारं काचेचं सीलंट भरता येतं. रबर आकसून कोपऱ्यात फट पडली असेल तर नवंच घ्या. चिकटवलेली काच गळत असेल, किंवा कडेला रंग फुगलेला दिसत असेल, तर काच काढून चौकटीचा गंज साफ करण्याला पर्याय नाही. हे काम काचवाल्याकडून करून घ्या. गंजावर युरेथेन धरत नाही.

गळती बंद झाली असं वाटल्यावर कार्पेट लगेच बसवू नका. फ्लोअरचा गंज घासून प्रायमर आणि रंग मारा, बुचं सीलर लावून परत बसवा, सीटखालचे वायरचे कनेक्टर उघडून हिरवट झालेत का बघा, आणि एक-दोन मोठे पाऊस तसेच उघड्या पत्र्यावर जाऊ द्या. दरम्यान नळीच्या चाचणीत पहिला थेंब कुठे दिसला आणि तुमची काच रबरात आहे की चिकटवलेली, हे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.