जास्त तापमानाला कॅल्सिनेशन केल्यावर (भट्टीत कडक तापवल्यावर) झिओलाइटचा, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकी ॲल्युमिनोसिलिकेटचा, एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) तसाच राहतो, पण आम्लता घटते. असे का होते?

आपण अमोनियम रूपातील झेडएसएम-५ या झिओलाइटचा एक नमुना ५५० अंश सेल्सिअसला व दुसरा ७५० अंशांना तापवला. एक्सआरडी दोन्हींचा सारखाच आला, पण अमोनिया टीपीडीतील (शोषलेला अमोनिया तापवत सोडवून आम्लता मोजण्याच्या चाचणीतील) उच्च तापमानाचे शिखर दुसऱ्या नमुन्यात पार खचले. रचना मोडली का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते रचना शाबूत आहे आणि आम्लता मात्र खरोखर गेली आहे.

एक्सआरडीला दिसतो तो स्फटिकातील दूरवरचा क्रम. झेडएसएम-५ मध्ये सिलिकॉनच्या मानाने ॲल्युमिनियम इतके थोडे असते, की त्यातील बरेचसे चौकटीबाहेर पडले तरी त्या आलेखाला फारसा पत्ता लागत नाही. आम्लता मात्र त्याच मोजक्या अणूंच्या जिवावर उभी असते, कारण सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्यामधील ऑक्सिजनवर बसलेला प्रोटॉन म्हणजेच ब्रॉन्स्टेड केंद्र (प्रोटॉन देणारे आम्ल केंद्र) होय. ५०० ते ५५० अंशांपर्यंत अमोनिया निघून जाऊन हा प्रोटॉन मागे राहतो. त्याच्या बऱ्याच पुढे गेल्यास दोन हायड्रॉक्सिल गटांमधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि लुईस केंद्रे (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारी आम्ल केंद्रे) तयार होतात.

तरीही सगळा दोष तापमानाच्या माथी मारणे योग्य नाही, कारण वाफ त्याहून अधिक नुकसान करते. संशोधनाच्या सुरुवातीला मी मूस काठोकाठ भरून, वर झाकण ठेवून भट्टीत सरकवत असे, आणि दर खेपेला आम्लता वेगळी आली की थर्मोकपलवर (भट्टीचे तापमान मोजणाऱ्या उपकरणावर) संशय घेत असे. प्रत्यक्षात जाड थरात अडकलेली वाफच ॲल्युमिनियमचे बंध तोडत होती. हीच क्रिया मुद्दाम, वाफ सोडून केली की वाय या दुसऱ्या झिओलाइटपासून त्याचे अतिस्थिर रूप मिळते. तेथे ॲल्युमिनियम मुळात भरपूर असल्याने आणि सिलिकॉन-ऑक्सिजन बंध आखूड असल्याने एकक कोशिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) सुमारे २४.६५ अँगस्ट्रॉमवरून २४.५ च्या खाली आक्रसते, व हा बदल एक्सआरडीत स्पष्ट दिसतो.

केंद्रांची संख्या घटली म्हणजे उत्प्रेरक निकामी झाला, असेही नाही. वाय झिओलाइटमध्ये उरलेली केंद्रे एकमेकांपासून दूर पडल्याने अधिक तीव्र होतात, आणि झेडएसएम-५ ला बेताची वाफ दिल्यावर हेक्झेनच्या भंजनाचा (रेणू तोडण्याच्या क्रियेचा) वेग वाढल्याची उदाहरणेही आहेत.

टीपीडीतील खालच्या तापमानाचे शिखर म्हणजे लुईस आम्लता, असे समजू नका. ते मुख्यतः सैल धरलेल्या अमोनियाचे असते. दोन प्रकारची केंद्रे वेगळी ओळखण्यासाठी पिरिडिन शोषवून अवरक्त वर्णपट घ्यावा: १५४५ प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा ब्रॉन्स्टेडचा, १४५५ च्या आसपासचा लुईसचा. ॲल्युमिनियम एनएमआरची (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन मापनाची) सोय असल्यास ६० पीपीएमजवळचा संकेत चौकटीतील अणूंचा असतो, तर शून्याजवळचा संकेत साधारणपणे बाहेर पडलेल्यांचा. पण त्याआधी ७५० अंशांचा प्रयोग एकदा पातळ थर पसरून, कोरड्या हवेच्या प्रवाहात आणि मिनिटाला एक-दोन अंश इतक्या सावकाश गतीने पुन्हा करावा. शिखर बऱ्यापैकी परत आले, तर दोष मुख्यतः वाफेचा होता असे समजावे.