चाळीस डबे, दोन मुलं आणि बॅटरीची सायकल

प्रश्न : माझा कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. शाहूपुरी आणि राजारामपुरीत मिळून रोज दुपारी ४० डबे पोचवते. मोपेडवर दोन फेऱ्या होतात आणि पेट्रोल परवडेना झालंय. सकाळी दोन मुलांना (वय ५ आणि ८) शाळेत सोडायचं असतं. परदेशातली, पुढं मोठी पेटी असलेली बॅटरीची सायकल व्हिडिओत बघितली, त्यात मुलंही बसलेली होती. इथं एक विक्रेता तीनचाकी घ्या म्हणतो, दुसरा साध्या सायकलीलाच मोटरचं किट बसवून देतो म्हणतो. काय घेऊ?
– एक भगिनी, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, दुकानात जायच्या आधी घरातला वजनकाटा काढा. भरलेला डबा सव्वा किलोचा धरला तरी ४० डब्यांचे ५० किलो झाले. त्यात तुमचं वजन मिळवा. विक्रेता सांगेल बॅटरी केवढी आणि एका चार्जिंगला किलोमीटर किती. तुम्ही विचारायचं दुसरंच : चालवणाऱ्यासकट एकूण वजन किती झेपतं आणि त्यातलं मागं किती टाकायचं? हे आकडे कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणायचं. बऱ्याच साध्या सायकलींच्या कॅरियरवरच २५ किलोची मर्यादा छापलेली असते. तुमचा माल त्याच्या दुप्पट आहे.

म्हणून साध्या सायकलीला किट नको. हे मी जळलेल्या अनुभवावरून सांगतोय. उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एका दूधवाल्या दादांच्या सायकलीला मी पुढच्या चाकात मोटर बसवून दिली होती. मोटरचा जोर तिच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, उलटा येतो, तो अडवायला एक लोखंडी पट्टी फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याला, कसावी लागते. ती मी लावली नाही, नट घट्ट आहेत म्हणून भागेल असं वाटलं. पंधरा दिवसांत भरल्या कॅनसकट चढाला अॅक्सल जागेवरच गर्रकन फिरला, आतून येणारी वायर पिळून तुटली आणि चाक फोर्कमधून निसटलं. दादा वाचले, पण ती चूक माझी होती. दुसरं म्हणजे साध्या सायकलीचे ब्रेक आणि स्पोक या वजनासाठी केलेलेच नसतात. मागचं चाक आधी आउट होतं, मग एकेक स्पोक तुटायला लागतो.

तीनचाकी उभी करायला सोपी, हे खरं. पण पेठेतल्या बोळात ती वळवणार कुठं? शिवाय दुचाकी वळणावर आपल्याबरोबर कलते, साधी तीनचाकी कलत नाही. वेगात वळवली की आतलं चाक उचलतं. सपाट, रुंद रस्त्यावर सावकाश फिरणाऱ्या भाजीवाल्याला ती चांगली, तुम्हाला नाही. पुढं पेटी असलेल्या ज्या सायकली तुम्ही बघितल्या, त्या कोपनहेगनसारख्या शहरात सायकलींच्या वेगळ्या रस्त्यावर चालतात. आपल्या खड्ड्यांतून आणि गर्दीतून एवढी लांब गाडी काढणं त्रासाचं आहे.

माझं मत, मागचा सांगाडाच लांब आणि मजबूत असलेली मालवाहू ई-सायकल घ्या. दोन्ही बाजूंना २०-२० डबे बसतील अशा खोल पिशव्या, खाली, चाकाच्या बरोबरीनं. वजन जितकं खाली तितकी गाडी हातात राहते. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि रुंद पायांचा डबल स्टँड हवाच. डबे उतरवताना एका बाजूचे आधी संपतात आणि साध्या स्टँडवर गाडी तिथंच आडवी होते.

मोटरचं बोलायचं तर, २५० वॅटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आत वजन, एवढ्यात बसणाऱ्या गाडीला नोंदणी आणि लायसन लागत नाही. मात्र गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र बघून घ्या. ‘पासिंग लागत नाही आणि पन्नासनं पळते’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. २५० वॅट म्हणजे जेमतेम एक तृतीयांश हॉर्सपॉवर, तेव्हा चढाला पायडल मारावंच लागेल. भरल्या वजनानं मोटर चढाला रखडली की करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. तो जळका वास मी रोज घेतो. म्हणून पैसे द्यायच्या आधी ५० किलोचं तांदळाचं पोतं बांधून टेंबलाईच्या टेकडीचा चढ चढून बघा आणि उतरताना ब्रेक तपासा. विक्रेता नको म्हणाला तर ती गाडी आपली नव्हे.

बॅटरी ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-अवरची पुरे. गुणाकार करा, ७२० वॅट-अवर, म्हणजे पूर्ण चार्जिंगला साधारण एक युनिटही लागत नाही. जाहिरातीत काही लिहिलेलं असो, एवढ्या वजनाला ३० किलोमीटरच धरा. तुमच्या फेरीला ते भरपूर आहेत.

मुलांची आणि डब्यांची फेरी मात्र कधीच एकत्र करू नका, गरम आमटी आणि पाच वर्षांचं पोर एका गाडीवर नको. धाकट्याला पट्ट्याची खुर्ची, थोरल्याला धरायला दांडी, दोघांना हेल्मेट. मागच्या चाकाला दोन्हीकडून जाळी बसवून घ्या, चाकात पाय गेलेली मुलं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आठ वर्षांच्या मुलाचं वजनही त्या बैठकीच्या मर्यादेत बसतंय ना, तेही कागदावर बघा.

आणि पावसाळ्यात बॅटरी काढून वर, कोरड्या जागी चार्ज करा. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पुराचं पाणी आलं होतं, तुम्ही विसरला नसाल. बॅटरी पाण्यात बुडाली तर वाळवून चालू करायच्या भानगडीत पडू नका, घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.