आधी बोट, मग टूना

अरे पोरा,

छोट्या बोटीतून समुद्रात टूना मासा धरायला जायचंय म्हणून लिहिलेलं तुझं लांबलचक पत्र वाचलं. कुठलं रील (दोरी गुंडाळायची चकरी) घेऊ, रॉड केवढा, दोरी कुठल्या रंगाची, सगळं विचारलंयस आणि बोटीबद्दल काय तर एक ओळ, 'मित्राची आहे, मस्त चालते'. म्हणून मी आता उलट्या टोकाने लिहिणार आहे. रील शेवटी शेवटी येईल, तेही दोन-चार ओळीत, राग मानू नको.

मस्त चालते म्हणजे नक्की काय? टाकी किती लिटरची, लोड भरून किती स्पीडला तासाला किती पिते, हे तुझ्याकडे कागदावर आहे का? नसेल तर आधी दोन-तीनदा रॉड न घेता नुसतीच बोट काढ आणि मोजून बघ. जुना हिशेब सोपा आहे, टाकीचा एक भाग जायला, एक यायला आणि एक हात न लावता शिल्लक. लोकांना वाटतं शिल्लक तिसरा हिस्सा म्हणजे अतीच झालं, पण होतं काय की सकाळी वारा पाठीला असतो, बोट भुरकन जाते, मग ४ तास ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत फिरण्यात जातात, तेही पेट्रोल पितंच, आणि परत येताना तोच वारा वाढून तोंडावर येतो, की मग त्याच अंतराला दीडपट तेल जातं. लाटांमध्ये गेजचा काटा नाचत असतो, त्याच्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नको.

परतीची वेळ जमिनीवर असतानाच ठरव. पाण्यावर ठरवायला गेलास तर मासा ठरवणार. पक्षी दिसत असतात, शेजारचा म्हणतो अजून एकच चक्कर, आणि तेवढ्यात ऊन उतरलेलं असतं.

फोरकास्टमध्ये नुसती लाटेची उंची बघून निघणारे खूप आहेत. त्याच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, दोन लाटांमध्ये किती वेळ जातो त्याचा, तो जास्त महत्त्वाचा. १ मीटरची लाट १० सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वरखाली होत जाते, तीच १ मीटरची लाट ४ सेकंदांनी आली की छोटी बोट प्रत्येक लाटेवर आपटते, कंबर आणि बोट दोन्ही खिळखिळी होतात. आणि वारा एकीकडून, प्रवाह दुसरीकडून समोरासमोर आले तर लाट उभी राहते. असा दिवस दिसला की घरी झोप काढ, टूना काही पळून जात नाही (जातो खरं तर, पण परत येतो).

मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. बोटीवर बसवलेला व्हीएचएफ रेडिओ असावा, २५ वॉटचा, अँटेना जमेल तितकी उंच, मदतीच्या हाकेच्या चॅनल १६ वर कान ठेवून. हातातला ५ वॉटचा सेट जादाचा म्हणून ठीक, एकटा त्याच्यावर विसंबून जाऊ नको. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे संकटात उपग्रहाला सिग्नल देणारं यंत्र, घे आणि रजिस्टर कर, रजिस्टर न करता नुसता लटकवलेले मी पाहिलेत, मग सिग्नल मिळूनही शोधणाऱ्यांना कळत नाही की कोणाची बोट आणि फोन कोणाला करायचा. लाइफ जॅकेट सीटखाली नाही, अंगावर. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मांडीला किंवा मनगटाला, कारण तू पडलास आणि इंजिन चालूच राहिलं तर बोट तुझ्यासाठी थांबत नाही. आणि जमिनीवरच्या एका जबाबदार माणसाकडे लिहून दे, कुठे जातोय, किती वाजता परत, किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा.

इंजिन बंद पडलं तर? नांगर टाकू म्हणशील. टूनाच्या पाण्यात खोली कित्येकशे मीटर असते, तुझा नांगर तळाला पोचणारच नाही. त्यासाठी सी अँकर असतो, पाण्यातला पॅराशूटच म्हण, तो टाकला की बोटीचं नाक लाटेकडे राहतं, आडवी होत नाही. छोटी बोट आडवी झाली की मग खरी तारांबळ. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप असू दे, पण एक बादलीही असू दे, बादली कधी बिघडत नाही.

जहाजांचंही सांगतो. छोट्या बोटीत तुझे डोळे पाण्यापासून २ मीटरवर असतात, तेवढ्यावरून क्षितिज जेमतेम साडेपाच किलोमीटरवर असतं. मोठं जहाज उंच असल्यामुळे आधी दिसतं, पण २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, हा हा म्हणता डोक्यावर येतं, आणि त्याच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, तू दिसशीलच असं नाही. जहाज तुला त्याच एका दिशेला दिसत राहून नुसतं मोठं मोठं होत असेल तर समज टक्कर ठरलेली, तूच बाजूला हो. मासा लागला की सगळे रॉडकडे बघत बसतात, एकाने तरी चारी बाजूला बघत राहायचं.

आता मासा. पहिल्यांदा ट्रोलिंगच कर, ६ ते ८ नॉटला, दोनच लाइन, एक जवळ एक लांब. छोट्या बोटीत चार लाइन लावल्या की पहिल्या वळणालाच गुंता होतो. तळाकडे नको, वर बघ. पाण्याचा रंग हिरवट होता होता एकदम निळा होतो ती रेघ, तरंगणारा ओंडका, वाहून आलेल्या शेवाळाचा पट्टा, तापमान एकदम बदलतं ती जागा, आणि पक्षी. पक्षी पाण्यावर नुसते बसलेत तर जेवण आटोपलंय किंवा अजून सुरू व्हायचंय, वरून सूर मारतायत तर खाली धुमाकूळ चालू आहे. आणि इथेच सगळे घाण करतात, फुल थ्रॉटल मारून थेट त्यात घुसतात, दाणे टिपणाऱ्या कबुतरांत पोरगं धावत जातं तसं, आणि मग म्हणतात मासे गायब झाले. थवा कुठल्या दिशेला सरकतोय ते मिनिटभर बघ, लांबून वळसा घालून त्याच्या पुढे वाऱ्याच्या बाजूला जा, इंजिन कमी कर आणि वाहत वाहत त्यांना तुझ्याकडे येऊ दे.

रील कुठलंही चांगलं चालेल, पण ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला अडवणारा रीलचा ब्रेक, हाताने अंदाज घेऊन लावू नको. स्प्रिंगचा काटा घे, दोरी तुटायच्या वजनाच्या साधारण पाव हिस्स्यावर सेट कर, म्हणजे २४ किलोच्या दोरीला ६ किलो. पहिल्या धावेला ड्रॅग आवळलास तर संपलं.

टूना पहिले शंभर-दोनशे मीटर सुसाट जातो, तो भाग बघायला भारी आणि करायला सोपा, नुसतं धरून राहायचं. खरी लढाई बोटीखाली. तिथे तो आडवा होऊन गोल गोल फिरायला लागतो, तासभरही फिरेल. दोरीकडे बघ, ती तुझ्यापासून लांब जातेय तोवर रॉड धरून नुसता दाब ठेव, फेरी अर्धी होऊन त्याचं डोकं तुझ्याकडे वळलं की ताण ढिला पडतो, तेवढ्या दोन सेकंदांत भराभर गुंडाळ. प्रत्येक फेरीत एक-दोन मीटर मिळाले तरी खूप. चालवणाऱ्याने बोट हळू पुढे ठेवून दोरी बाजूलाच ठेवायची, पंख्याखाली गेली की खेळ खल्लास.

लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, हाताला गुंडाळू नको. ग्लोव्हज घालूनही नको. मोठा मासा शेवटची उडी मारतो तेव्हा गुंडाळलेला हात त्याच्याबरोबर पाण्यात जातो. गॅफ (दांड्याचा मोठा आकडा) डोक्यात मार, पोटात मारलंस तर मांसही गेलं आणि मासाही सुटायचा. आत घेतला की डोळ्यांवर ओलं फडकं टाक, शांत होतो, नाहीतर शेपटी एखाद्याचा पाय मोडेल.

आणि फोटो नंतर. टूनाचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं, झगडून आणखी तापतं. मेंदूत टोचा मारून लगेच मार, कल्ल्यापाशी आणि छातीच्या परामागे कापून रक्त काढ, आतडी-कल्ले काढ आणि बर्फात थोडं समुद्राचं पाणी घालून केलेल्या लगद्यात अख्खा बुडव, पाणी न घालता नुसत्या बर्फावर ठेवला तर मधलं मांस तासनतास गरम राहतं. गरम राहिलेल्या टूनात हिस्टामिन तयार होतं, शिजवून ते जात नाही, वासही येईलच असं नाही, आणि खाणाऱ्याचं तोंड लाल, डोकं ठणकतं, उलट्या. म्हणून बर्फ किती नेलास त्यावर मासे किती ठेवायचे ते ठरतं. पेटीत जागा संपली की लाइन आत घे. बरं, पेटी मधोमध घट्ट बांध, भरलेली पेटी शंभर किलोच्या वर सहज जाते आणि वळताना एका बाजूला सरकली तर बोटही त्या बाजूला जाते.

बोट लागते का तुला? गोळी आदल्या रात्री घे, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. टाकीचा आणि तासाचा हिशेब झाला की कळव, मग लीडरच्या गाठीबद्दल लिहितो.