मगरदेवाच्या पुजारिणीचा दाखला

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं दोनदा वाचली. तुझे ख्रिस्ती जिवंत उतरलेत. उजाडण्यापूर्वीच्या त्या प्रार्थनेत मीही अंग चोरून बसलो होतो. देवळातली माणसं मात्र पुठ्ठ्याची वाटली. पुजारी लोभी, सुभेदार निर्दय. आपण हरणार हे जणू त्यांना आधीच कळलंय. इ.स. २५० च्या रोमन साम्राज्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सुमारास रोमचा सम्राट डेशियस याने फर्मान काढलं: देवांना बळी द्या, मद्य वाहा, बळीचं मांस चाखा, आणि तसं केल्याचा दाखला घ्या. ईजिप्तमध्ये पपायरसवरचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे, असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत. त्यांतला एक औरेलिया अम्मोनूस नावाच्या बाईचा आहे. ही बाई पेतेसुखोस या मगरदेवाची पुजारीण! जिचं कामच देवाची पूजा, तिलाही आपण देवाला मानतो हे सरकारी पंचांपुढे दाखवावं लागलं. काय वाटलं असेल तिला? अपमान? की रोजचंच तर करायचंय, असं? मी कितीदा तरी या बाईपाशी थांबलोय. तुझ्या कादंबरीत मला ती हवी आहे.

तुझ्या सुभेदारासाठी, बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातल्या रोमन प्रांताचा) सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र वाच, इ.स. ११२ च्या आसपासचं. ख्रिस्ती असल्याचा हट्ट न सोडणाऱ्यांना हा माणूस देहदंडाला पाठवतो, दोन दासींचे हाल करून चौकशी करतो, आणि तरीही पुढे काय करावं हे सम्राटाला विचारतो. नुसता क्रूर माणूस असं पत्र लिहीत नाही. पत्राच्या शेवटी तो समाधानाने कळवतो, की ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजू लागलीत, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळू लागलंय. म्हणजे मधल्या काळात कुणाचा तरी धंदा बसला होता. त्या खाटकाच्या घरी ख्रिस्ती लोकांबद्दल काय बोललं जात असेल, ते लिही.

आणि ‘मूर्तिपूजक’ हा शब्द देवळातल्या माणसांच्या तोंडी घालू नकोस. स्वतःला तसं कुणी म्हणवत नव्हतं. ते घरातल्या देवांपुढे धूप जाळत, बस. तुझ्या आजीच्या देव्हाऱ्यापुढे तू वाढलीस. तो वास तुला शोधावा लागणार नाही.

चौथं प्रकरण पुजारिणीपासून सुरू कर. कच्चं असलं तरी पाठव, मी वाट पाहतोय.

तुझा,
सर