कार्ड राज्याचं, बंदूक फेडरल कायद्याची

(नोव्हेंबर २०२५)

पेनसिल्व्हेनियातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६१, अमेरिकेत येऊन बावीस वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे, आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचं मनात आहे. पूर्वी दुकान होतं, तिथे चोरी झाली म्हणून २०१७ मध्ये रीतसर पिस्तूल घेतलं. ते घरच्या तिजोरीत आहे. मधुमेहामुळे रात्री पायांची आग होते, झोप लागत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर यंदा राज्याचं मेडिकल मारिवाना (गांजा) कार्ड काढलं. झोपताना टिंक्चरचे, म्हणजे त्याच्या अर्काचे, थेंब घेतात. मुलाबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं म्हणून रायफल घ्यायला गेले आणि दुकानातल्या फॉर्मवरच्या 'तुम्ही मारिवानाचं किंवा इतर अमली पदार्थांचं बेकायदा सेवन करता का?' या प्रश्नाशी अडले. सही न करता घरी आले. विचारतात, "औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, कार्ड सरकारचं, मग मी 'बेकायदा सेवन करणारा' कसा? आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग पितातच की! रायफल बायकोच्या नावाने घेतली तर चालेल का?"

नमस्कार काका,

सही न करता परत आलात, हे फार बरं केलंत. बहुतेक लोक "नाही"वर खूण करून मोकळे होतात आणि मग माझ्यासारख्याला फोन करतात.

तो फॉर्म ४४७३. परवानाधारक दुकानदाराकडून कुठलीही बंदूक घेताना तो भरावाच लागतो. तुम्ही अडलात त्या प्रश्नाखालीच ठळक इशारा छापलेला आहे: तुमच्या राज्याने औषधासाठी किंवा मौजेसाठी मारिवानाला परवानगी दिली असली, तरी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने ती बेकायदाच आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१६ मध्ये कायदा केला, पण केंद्राच्या अमली पदार्थांच्या १९७० च्या कायद्यात मारिवाना नोव्हेंबर २०२५ मध्येही सगळ्यांत कडक अशा पहिल्या यादीत, हेरॉइनच्या पंगतीला बसलेली होती. त्या यादीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनीही दिलेलं नाही. तुम्हाला अमुक आजार आहे एवढंच त्यांनी प्रमाणित केलं. उद्या त्यांनी ऑक्सिकोडोन लिहून दिलं आणि तुम्ही ते सांगितल्याप्रमाणे घेतलंत, तर बंदुकीला काही अडचण नाही. झोपेच्या चार थेंबांना मात्र आहे. मला हे शहाणपणाचं वाटत नाही, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये, हे लिहिताना, कायदा असा आहे. (भांगेचं म्हणाल तर भारताच्या १९८५ च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली, म्हणून तिथे ती खपते. इथे त्या दाखल्याचा उपयोग शून्य.)

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. मनाई फक्त विकत घेण्याला नाही, जवळ बाळगण्यालाही आहे, आणि बंदुकीबरोबर काडतुसांनाही. म्हणजे २०१७ मध्ये पूर्ण कायदेशीर घेतलेलं ते पिस्तूल, तुम्ही थेंब नियमित घ्यायला लागलात तेव्हापासून फेडरल कायद्याच्या नजरेत तुमच्याकडे असायला नको. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षं झाली आहे. फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

"पण त्यांना कळणार कसं?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुतण्या किंवा मित्र विचारेल. खरं आहे, राज्याची रुग्णांची नोंद गोपनीय असते आणि बंदूक घेतानाच्या तपासणीत कार्ड दिसत नाही. म्हणूनच सगळा भार तुमच्या सहीवर येतो. अशी प्रकरणं बहुधा भलत्याच कारणाने उघडतात: घरी चोरी होते, पोलीस येतात, टेबलावर टिंक्चरची बाटली आणि कपाटात पिस्तूल.

कोर्टात काय चाललंय? बरंच काही. नेवाडातल्या एका कार्डधारक बाईंना बंदूक नाकारली गेली होती, त्या खटल्यात २०१६ मध्ये नवव्या सर्किटने (तिथल्या फेडरल अपील कोर्टाने) सरकारची बाजू उचलून धरली. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर मात्र सरकारला अशा बंदीसाठी इतिहासातला आधार दाखवावा लागतो, आणि तिथून वारं फिरलं. तुमच्याच राज्यातल्या वॉरन काउंटीचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी रॉबर्ट ग्रीन स्वतः कार्डधारक. लोकांवर खटले भरणाऱ्या या गृहस्थांनी २०२४ मध्ये याच बंदीविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. तुम्ही ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये येता, त्या कोर्टाने जुलै २०२५ मध्ये हॅरिस खटल्यात सांगितलं की ती व्यक्ती खरोखर धोकादायक ठरण्याची शक्यता आहे का, हे माणूस पाहून ठरवा. आणि याच बंदीबद्दलचा टेक्सासचा हेमानी खटला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतला. म्हणजे बचाव आहे. पण बचाव आरोप झाल्यावर करायचा असतो, आणि त्याची फी मुलाच्या कॉलेजइतकी होऊ शकते. कोर्टाला नवा नियम करायला एखादा माणूस लागतोच. तो तुम्ही होऊ नका.

कारण तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. ग्रीन साहेब खटला हरले तरी अमेरिकन राहतील. या कलमाखाली दोषी ठरणं इमिग्रेशन कायद्यात 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' (अतिगंभीर गुन्हा) म्हणून नाव घेऊन लिहिलेलं आहे. मग हद्दपारी जवळजवळ अटळ, आणि बावीस वर्षांच्या वास्तव्याचाही उपयोग होत नाही. बंदूक बाजूला ठेवली तरी नुसत्या थेंबांचीही अडचण आहे. २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात वैध असलेलं मारिवानाचं सेवनसुद्धा नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतं. अर्जात अटक न होता केलेल्या गुन्ह्यांबद्दल विचारतात, आणि मुलाखत शपथेवर असते. खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोललात तर तीच कबुली तुमच्याविरुद्ध जाऊ शकते. म्हणून अर्ज भरण्याआधी, आणि भारतात चक्कर मारण्याआधीसुद्धा, इमिग्रेशनच्या वकिलाला हे सगळं सांगा. परत येताना विमानतळावर अधिकारी प्रश्न विचारू शकतात, आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये असतो.

आता काकूंच्या नावाने रायफल घेण्याचं. रायफल तुमच्यासाठी आणि सही त्यांची, तर तो 'स्ट्रॉ परचेस'. २०२२ पासून त्याचं स्वतंत्र कलम आहे, त्यालाही पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. यात काकूही अडकतील. त्यांनी स्वतःसाठी बंदूक घेणं वेगळं, पण तिजोरीचा नंबर तुम्हाला माहीत असेल तर ती तुमच्याही ताब्यात आहे असंच सरकारी वकील म्हणणार. एकाच घरात हे निभावणं अवघड.

दोन्हींपैकी एक निवडावं लागेल. पाय जळत असताना औषध सोडा असं मी म्हणणार नाही. ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. औषध सोडायचं ठरलं तरी आज सोडलं आणि उद्या रायफल घेतली असं करू नका. 'चालू सेवन' ठरवताना २०२५ मध्ये तरी गेल्या वर्षभरातली पॉझिटिव्ह चाचणीही पुरावा धरली जात होती. मधे पुरेसा काळ जाऊ द्या.

औषध चालू ठेवणार असाल तर पिस्तूल घराबाहेर गेलं पाहिजे. तुमचा मुलगा पेनसिल्व्हेनियातच वेगळा राहतो आणि त्याला स्वतःला कसली मनाई नाही, असं पत्रावरून दिसतं. राज्याच्या कायद्यात आईवडील आणि मुलं यांच्यातल्या हस्तांतराला दुकानदाराकडे जावं लागत नाही. तरी तारीख, पिस्तुलाचा सीरियल नंबर आणि दोघांच्या सह्या असलेला कागद करून ठेवा. तो न्यू जर्सीला राहात असता तर हे चाललं नसतं. राज्याबाहेर द्यायचं तर परवानाधारक दुकानदारामार्फतच. आणि पुतण्या एच-वन-बीवर असेल तर त्याच्याकडे तर मुळीच देऊ नका, शिकारीच्या लायसन्ससारखे काही अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही.

शेरीफकडून घेतलेला बंदूक बाळगण्याचा परवाना पाकिटात असेल तर तोही वकिलाला दाखवा, त्याच्या अटींतही मारिवानाचा उल्लेख आहे. या शनिवारी मुलाला घरी बोलवा. आणि गॅरेजमधल्या खणात काडतुसांचा जुना डबा राहिलाय का, तेही बघायला सांगा.