वडिलांच्या नडगीवरचे केस गेलेत, कातडी चकचकीत झालीय. पायाचा रक्तपुरवठा कमी झाला असेल का?

शक्यता आहे, पण नुसत्या कातडीवरून ठरवू नका. धमनीतून रक्त कमी येत असेल तर पाऊल गार लागतं, नखं जाड होतात, बोटांवरची जखम भरत नाही, चालताना पोटरीत गोळे येतात. आपल्या सावळ्या रंगावर फिकेपणा पटकन दिसत नाही, म्हणून तळवा बघा: झोपवून पाय मिनिटभर वर धरला की पांढरट पडतो, खाली सोडला की हळूहळू लालसर-जांभळा होतो.

घोट्याच्या वर तपकिरी डाग, खाज, सूज असेल तर दोष बहुधा शिरांचा, म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या नळ्यांचा. त्यात घट्ट पट्टी बांधतात. धमनीच्या आजारात तीच पट्टी घात करू शकते, तेव्हा मनानं बांधू नका. शेकायचंही नाही, बधिर पाय भाजलेला कळत नाही.

शुगर किंवा बिडी-तंबाखू असेल तर लातूर-नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत दाखवाच. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीनं भागतात, ०.९ किंवा कमी आलं तर धमनी अरुंद. शुगरवाल्यांत हा आकडा कधी उगाच चांगला येतो, मग डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी) करावी लागते.

पाय एकाएकी गार-पांढरा पडून दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.